डिझेल मालमोटारीच्या इंजिनातील दाबमापन : काट्यापासून सेन्सरपर्यंत

१

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील वाघोली हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना मुख्यतः दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे तेथील वाघेश्वराचे देवालय, आणि दुसरे म्हणजे शाहूकालीन सरदार पिलाजी जाधवराव ह्यांच्याशी असलेला त्या गावाचा संबंध. अर्वाचीन काळात मात्र ह्या गावाच्या नावाभोवती निराळेच चित्र उभे राहिले. भोवतालच्या काळ्या बेसाल्ट पाषाणाच्या खाणी, खडी फोडणारी यंत्रे, आणि ती खडी वाढत्या पुणे शहराकडे वाहून नेणाऱ्या मालमोटारी हे ते चित्र होय. जून २०२१ मध्ये वाघोली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. परंतु त्यापूर्वीच कित्येक वर्षे शहराच्या भिंतींतून आणि रस्त्यांतून वाघोलीचा दगड जाऊन बसला होता, आणि तो तेथे पोहोचविण्याचे काम डिझेल इंजिनाने केले होते.

जेथे मालमोटार तेथे फिटर, हा अलीकडच्या रस्त्यांचा नियमच आहे. ह्या फिटरांपुढे आज वारंवार येणारा एक प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गाडीच्या दर्शनी फलकावरील तांबडी अथवा पिवळी बत्ती पेटते, चढावर इंजिनाचे बळ ओसरते, आणि तपासणी-यंत्र सांगते की अमुक ठिकाणचा दाब योग्य नाही. अशा वेळी खरोखर दाब बिघडला आहे, की दाब सांगणारे साधन बिघडले आहे? वरवर हा प्रश्न कारागिराचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मागे सुमारे पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून सेन्सर बदलण्याच्या साध्या कामातील खरी अडचण कळत नाही. ही अडचण सुटा भाग बदलण्यात नसून तो ओळखण्यात आहे, हे त्या इतिहासावरून दिसून येते.

२

दाब मोजता येतो ही कल्पनाच मुळी सतराव्या शतकातील आहे. इटलीत तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दृश्य केला. पुढे १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए हा पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम ह्या डोंगरावर चढला. माथ्यावर पाऱ्याचा स्तंभ पायथ्याच्या मानाने सुमारे तीन इंचांनी खाली आलेला आढळला. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. ह्या प्रयोगाचा मालमोटारीच्या दुरुस्तीशी काय संबंध, असे कोणास वाटेल. तो संबंध पुढे येईलच.

पाऱ्याची नळी यंत्रशाळेत उपयोगी नव्हती. वाफेच्या यंत्रासाठी वॅट आणि त्याचा सहकारी सदर्न ह्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सिलिंडरातील दाबाचा आलेख काढणारे उपकरण सिद्ध केले. परंतु सर्वसामान्य वापराचे साधन यावयास १८४९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पॅरिसच्या बूर्दाँ ह्याने चपट्या छेदाच्या, वाकविलेल्या धातूच्या नळीचे एकस्व घेतले. अशा नळीत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते. तिच्या मोकळ्या टोकाला दात्यांच्या योगाने काटा जोडला की तबकडीवर दाब वाचता येतो. आजही फिटरच्या पेटीत जे गोल तबकडीचे 'गेज' असते ते बहुधा ह्याच तत्त्वावर चालते.

डिझेल इंजिनाचा तर जन्मच दाबातून झाला. रुडॉल्फ डिझेल ह्याने १८९२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. ह्या इंजिनात ठिणगी नाही. सिलिंडरातील हवा इतकी दाबावयाची की तीच तप्त होऊन तीत सोडलेले इंधन आपोआप पेटावे, हे त्याचे मर्म. म्हणून डिझेल इंजिनाचे आरोग्य म्हणजे त्यातील निरनिराळ्या दाबांचे आरोग्य, असे म्हणावयास हरकत नाही. सिलिंडरातील हवेचा दाब, फवारणीच्या नळीतील इंधनाचा दाब, धारव्यांत फिरणाऱ्या वंगणतेलाचा दाब, ह्यांपैकी एकही ढळला तर इंजिन चालत नाही, किंवा थोडे चालून कायमचे थांबते.

३

महाराष्ट्रात डिझेल इंजिन प्रथम आले ते रस्त्यावर नव्हे, तर विहिरीवर. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बनविण्यास प्रारंभ केला, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला. ही इंजिने बहुधा पाणी उपसण्यासाठी एका जागी चालत. त्यांचा मालक इंजिनाच्या आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून त्याची प्रकृती ओळखी.

मालमोटारीची गोष्ट निराळी. तिचा चालक इंजिनापासून अंतरावर बसतो, त्याचे लक्ष रस्त्यावर असते, आणि इंजिनाच्या आत काय चालले आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. १९५४ मध्ये टाटा कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी देशभर धावू लागल्या. पुण्यातही ह्या उद्योगाची घडी बसत गेली. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी निघाली व कोथरूडला तिचा कारखाना उभा राहिला. १९६६ मध्ये वाहनांच्या चाचणीसाठी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्यात स्थापन झाली. आणि १९७७ मध्ये टाटांच्या पुणे येथील कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले.

त्या काळच्या मालमोटारींत तेलदाब सांगण्याच्या तीन रीती आढळतात, आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. पहिल्या रीतीत इंजिनाच्या तेलवाहिनीपासून एक बारीक नळी थेट चालकासमोरील तबकडीपर्यंत नेलेली असे. म्हणजे इंजिनातले तेल स्वतःच चालकापुढे येऊन आपला दाब दाखवी. नळी फुटली तर तेल गळे आणि बिघाड डोळ्यांना दिसे. येथे साक्षीदार आणि घटना ह्यांमध्ये अंतर नव्हते. दुसऱ्या रीतीत इंजिनावर दाबाने हलणारे पटल आणि त्याला जोडलेला बदलता विद्युत्-रोध बसविला गेला. त्याच्यापासून एकच तार फलकावरील काट्यापर्यंत जाई व परतीचा मार्ग गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून होई. तिसरी रीत त्याहून सोपी : दाब ठराविक मर्यादेखाली गेला की बत्ती पेटविणारा एक साधा स्विच.

ह्या दुसऱ्या व तिसऱ्या रीतींबरोबर एक नवी शक्यता निर्माण झाली. दाब ठीक असूनही काटा खाली पडू शके, कारण तार तुटलेली असे. उलट दाब गेलेला असूनही बत्ती पेटत नसे, कारण तिचा दिवाच गेलेला असे. जुने अनुभवी चालक किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलाची बत्ती पेटते की नाही हे आधी पाहत. इशारा देणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचीच परीक्षा घेण्याची ती रीत होती.

४

इंजिनाला टर्बोचार्जर जोडला गेल्यावर आणखी एक दाब महत्त्वाचा झाला. टर्बोचार्जर हवा भरतो तेव्हा हवेचा दाब वातावरणाच्या दाबाहून एक ते दोन बार अधिक होऊ शकतो. (एक बार म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरील हवेचा दाब.) हवा वाढली तरच इंधन वाढवावे, नाहीतर काळा धूर निघतो. हे काम पूर्वी इंधनपंपावर बसविलेली पटलाची डबी करीत असे. टर्बोची हवा एका नळीने त्या डबीत येई, पटल दबे, आणि इंधनाचा दांडा पुढे सरके. हा दाब कोणी मोजीत नव्हते. त्याचा परिणाम मात्र थेट घडे, आणि पटल फाटले तर फिटर ते हाताने उघडून पाही.

ह्या व्यवस्थेचा अंत घडवून आणला तो धुराच्या कायद्यांनी. भारतात २००० साली भारत स्टेज एक ह्या नावाने ओळखली जाणारी मर्यादा लागू झाली. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर चौथी आणि १ एप्रिल २०२० पासून सहावी पायरी आली. पाचवी पायरी वगळण्यात आली. इंधनाचा प्रत्येक थेंब केव्हा आणि किती सोडावा हे आता पटलाच्या डबीवर सोपविणे शक्य राहिले नाही. जपानमध्ये १९९५ साली मालमोटारींत आणि युरोपात १९९७ साली प्रवासी मोटारींत आलेली 'कॉमन रेल' पद्धती भारतातील मालमोटारींतही रूढ झाली. ह्या पद्धतीत इंधन एका जाड नळीत सोळाशे ते दोन हजार बारांच्या आसपासच्या दाबाने साठविले जाते आणि संगणकाच्या आज्ञेने फवारले जाते. संगणकाला डोळे नाहीत. त्याला जे काही कळते ते सेन्सरांकडूनच.

सेन्सराचे शास्त्रही जुनेच होते. तार ताणली असता तिचा विद्युत्-रोध बदलतो हे लॉर्ड केल्व्हिन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनने १८५६ मध्ये दाखविले होते. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स व रूज ह्या दोघांनी स्वतंत्रपणे त्यापासून ताणमापक तयार केला. १९५४ मध्ये, म्हणजे टाटा-बेंझ करार झाला त्याच वर्षी, बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ ह्याने सिलिकॉन व जर्मेनियम ह्यांमध्ये हा परिणाम कितीतरी पटींनी अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. आजच्या इंजिनावरील पुष्कळसे दाबसेन्सर त्या शोधाचे वंशज आहेत.

अशा सेन्सरास साधारणतः तीन तारा असतात : पाच व्होल्टांचा पुरवठा, परतीची तार, आणि संकेताची तार. त्यातच तापमापकही असेल तर चौथी तार येते. सामान्यपणे दाब शून्य असता संकेत सुमारे अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबास सुमारे साडेचार व्होल्ट असतो. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा व्होल्ट मोकळा सोडलेला असतो, ह्यामागे हेतू आहे. संकेत शून्यावर आला किंवा पाचाला जाऊन भिडला तर तो दाब नव्हेच. तार तुटली आहे अथवा दुसऱ्या तारेला चिकटली आहे, असे संगणकाला समजावे, ही ती योजना. जुन्या चालकाची बत्तीची परीक्षा येथे यंत्राच्या रचनेतच गुंफलेली आहे.

५

आता वाघोलीच्या फिटरपुढील मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आजच्या मालमोटारीच्या इंजिनावर एकाच घडणीचे दिसणारे अनेक दाबसेन्सर असतात. तेलदाबाचा सेन्सर बहुधा तेलाच्या फिल्टरजवळ वा ठोकळ्यातील मुख्य तेलवाहिनीवर असतो. टर्बोच्या हवेचा सेन्सर हवा वाटून देणाऱ्या नळीवर, इंधनाच्या उच्च दाबाचा सेन्सर 'रेल'च्या टोकाशी, आणि सहाव्या पायरीच्या गाड्यांत काजळी गाळणाऱ्या गाळणीच्या दोन बाजूंतील दाबांचा फरक सांगणारा सेन्सर दोन नळ्यांसह निराळ्या जागी असतो. ह्यांची बाह्य आकृती सारखी असली तरी आवाका सर्वस्वी भिन्न आहे. अडीच व्होल्टांचा संकेत दहा बारांच्या सेन्सरात पाच बार असा वाचावयाचा, तर अठराशे बारांच्या सेन्सरात नऊशे बार असा. म्हणून आटे जुळले, जोडणी बसली, एवढ्यावरून सेन्सर जुळला असे होत नाही. अंगावर कोरलेला क्रमांक आणि कारखान्याच्या पुस्तकातील क्रमांक जुळणे हीच खरी ओळख.

परंतु योग्य सेन्सर सापडला म्हणजे तोच दोषी ठरला असेही नाही. ह्या ठिकाणी प्वी द दोमचा प्रयोग कामास येतो. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब सामान्यतः ९५ किलोपास्कलांच्या आसपास असतो, मुंबईस तो १०१ च्या आसपास. (शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार.) किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तर टर्बोच्या नळीतही बाहेरचीच हवा असते. तेव्हा निरपेक्ष दाब सांगणाऱ्या टर्बो-सेन्सराने वाघोलीत ९५ च्या जवळचा आकडा द्यावयास हवा. तो ७० अथवा १३० देत असेल, तर त्याच्या किंवा त्याच्या तारांच्या सचोटीविषयी संशय घेण्यास जागा आहे. बोरघाट चढून येणाऱ्या मालमोटारीत हाच आकडा सुमारे सहाने उतरतो. पेरिएचा प्रयोग ती गाडी दर खेपेस नकळत पुन्हा करीत असते. त्याच स्थितीत तेलदाबाने शून्य दाखवावयास हवे. पैसा न खर्चता आणि एकही भाग न उघडता होणारी ही पहिली चौकशी होय.

दुसरी चौकशी तारांची. पाच व्होल्टांचा पुरवठा कित्येकदा दोन-तीन सेन्सरांना मिळून असतो. त्यांपैकी एकात आतून तार चिकटली तर पुरवठाच कोसळतो आणि तपासणी-यंत्र एकदम अनेक बिघाड सांगते. अशा वेळी निर्दोष सेन्सरही फेकले जातात. एकेक जोडणी सोडवून पुरवठा कोणत्या क्षणी पुन्हा उभा राहतो हे पाहिले असता खरा दोषी सापडतो. खाणीच्या मार्गावरील गाड्यांत जोडणीत शिरलेली दगडाची भुकटी, हादऱ्यांनी घासलेली तार आणि टर्बो-सेन्सराच्या छिद्रात साचलेली तेलकट काजळी ही कारणे आधी पाहणे रास्त ठरते.

तिसरी चौकशी सर्वांत जुन्या साधनाची. संगणक तेलदाब कमी सांगत असेल, तर सेन्सर काढून त्याच्या जागी बूर्दाँच्या तत्त्वावरील तबकडीचे गेज लावावे आणि इंजिन चालवून पाहावे. गेजही तोच कमी दाब दाखवीत असेल तर सेन्सर सत्य सांगत होता. मग दोष झिजलेल्या धारव्यांत, थकलेल्या तेलपंपात, किंवा तेलात मिसळलेल्या डिझेलमध्ये शोधावा लागतो. ह्या ठिकाणची चूक फार महाग पडते. सेन्सर खोटा ठरवून गाडी पुढे हाकली तर काही मैलांत क्रँकशाफ्ट जाम होते, आणि मालकाच्या हाती इंजिनाऐवजी लोखंडाचा ठोकळा उरतो.

उच्च दाबाच्या इंधनावर मात्र असे हाताचे गेज लावावयाचे नाही. शेकडो बारांनी सुटलेली इंधनाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते, आणि जखम दिसावयास लहान असली तरी ती शस्त्रक्रियेची निकड निर्माण करते. म्हणून इंजिन चालू असता तेथील जोड सैल करू नये. इंजिन थांबवून, कारखान्याच्या पुस्तकात सांगितलेला काळ थांबून, दाब उतरल्याचे तपासणी-यंत्रावर पाहूनच हात घालावा. सेन्सर बदलताना भोवतालची जागा आधी स्वच्छ पुसावी, जुनी रबरी कडी पुन्हा वापरू नये, आणि आटे ठरलेल्या जोरानेच आवळावे. एका तारेच्या जुन्या प्रकारात आट्यांवर प्लास्टिकची फीत गुंडाळल्याने सांगाड्याशी होणारा विद्युत्-संपर्कच तुटण्याचा धोका असतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

६

ह्या इतिहासात एक दिशा स्पष्ट दिसते. प्रारंभी दाब स्वतः चालकापुढे येई. नंतर त्याचा निरोप तारेने येऊ लागला. आणि आता तो निरोपही प्रथम संगणकाकडे जातो व चालकास केवळ त्याचा निर्णय कळतो. प्रत्येक पायरीस अचूकता वाढली, धूर घटला, इंधन वाचले. हे लाभ नाकारण्याजोगे नाहीत. परंतु त्याबरोबरच दाब आणि मनुष्य ह्यांमधील अंतरही वाढले. पूर्वी फिटर आपल्या कानाने, हाताने आणि पटल उघडून निवाडा करी. आता तपासणी-यंत्र आणि क्रमांकांची पुस्तके ज्याच्याजवळ आहेत त्याच्याकडे तो अधिकार सरकला आहे, आणि रस्त्याच्या कडेच्या लहान कामटपरीस ही साधने सहज परवडत नाहीत. त्याची किंमत अखेर मालमोटारीचा मालक भरतो. कधी विनाकारण बदललेल्या सेन्सरांच्या रूपाने, तर कधी वेळीच न मानलेल्या इशाऱ्याच्या रूपाने.

तथापि येथवरच्या विवेचनावरून असेही दिसते की नव्या साधनाची परीक्षा जुन्या ज्ञानानेच होते. तोरिचेल्लीची हवा, पास्कलची उंची आणि बूर्दाँची वाकडी नळी ही वाघोलीच्या कामटपरीत आजही तितकीच उपयोगी आहेत. आपल्या गावी हवेचा दाब किती, एवढा एक आकडा ज्या फिटरास पाठ आहे, त्याने सेन्सराची निम्मी चौकशी पान्याला हात लावण्यापूर्वीच केलेली असते.